खानदेशात मित्राला ‘गडी’ म्हणावे की नाही? ‘भो’, ‘आबा’, ‘दोस्तार’ यांचे नेमके अर्थ हवे आहेत

प्रश्न : रत्नागिरीकर

मी मूळचा रत्नागिरीचा असून गेली दोन वर्षे नोकरीनिमित्त अमळनेरला राहतो. बोलीभाषांविषयी मला पहिल्यापासून कुतूहल आहे. पण आजचा प्रश्न कुतूहलापोटी नाही, तर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे विचारतो आहे.

आमच्या कार्यालयातला एक सहकारी वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. मी इथे आलो तेव्हा खोली शोधून देण्यापासून तापात दवाखान्यात नेण्यापर्यंत सर्व काही त्याने केले. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याने मला गावी जेवायला नेले. ओसरीवर त्याचे वडील, दोन काका आणि शेजारची चार माणसे बसली होती. आमरस आणि पुरणाचे मांडे झाल्यावर वडिलांनी सहज विचारले, “आमचा पोरगा तिथे काही कामाचा आहे का?” मी अगदी मनापासून म्हणालो, “कामाचा म्हणजे काय, तुमचा मुलगा आमचा हक्काचा गडी आहे. रात्री दोन वाजता हाक मारली तरी येतो.”

ओसरी एकदम शांत झाली. एका काकांचा सुपारी कातरणारा अडकित्ता मध्येच थांबला. वडील मात्र हसले आणि म्हणाले, “गडी तर आम्ही आज सकाळीच ठेवला. हा आमच्याकडे मालक आहे.” सगळे हसले, मीही हसलो, पण आपण काहीतरी भलतेच बोलून गेलो एवढे कळले. परतीच्या वाटेवर सहकाऱ्याने समजावले की आखाजीच्या दिवशी शेतावरचा सालदार ठरतो, त्याला गडी म्हणतात, आणि मी भर ओसरीवर, त्याच दिवशी, घरच्या मुलाला चाकर ठरवले होते.

आता माझा प्रश्न असा की या भागात ‘गडी’ मित्राच्या अर्थाने चालतच नाही का? त्याशिवाय ‘भो’ हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकतो, पण तो नक्की कोणाला आणि कोणत्या सुरात म्हणायचा हे मला उमगलेले नाही. विशी न ओलांडलेल्या मुलांना त्यांचे मित्र ‘आबा’, ‘आप्पा’, ‘नाना’ अशा हाका मारतात, ती थट्टा असते की आदर? आणि ‘दोस्तार’ हा शब्द ‘दोस्त’पेक्षा वेगळा आहे का? बाहेरून आलेल्या माणसाने यांतले काय वापरावे आणि काय टाळावे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर : गिरणाकाठ

मी चाळीसगाव आणि भडगाव भागात तीस वर्षे मराठी शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लांबण लागली तर सांभाळून घ्यावे.

तुमची चूक शब्दाची नाही, रूपाची आहे. ‘गडी’ या एका शब्दाला मराठीत निदान चार अर्थ आहेत आणि ते चारही आजही जिवंत आहेत. खेळणारा तो गडी. म्हणूनच कबड्डीत गडी बाद होतो आणि वर्तमानपत्रे क्रिकेटच्या बातमीतही ‘तीन गडी बाद’ असेच छापतात. पुरुष तो गडी. आमच्या आया-आजींच्या बोलण्यात ‘गडीमाणसं जेवली का?’ असा प्रश्न रोज असे आणि त्यात घरधनी, दीर, पाहुणे सगळेच येत. सोबती तो गडी. ‘सवंगडी’ या शब्दात तो अजून बसलेला आहे. आणि चाकर तोही गडी. तुमच्या कोकणातही ‘घरगडी’ हा शब्द आहेच, त्यामुळे हा अर्थ तुम्हाला अगदीच परका नव्हता.

हे चार अर्थ एकमेकांत मिसळू नयेत याची सोय बोलीने स्वतःच केलेली आहे. हाक मारताना ‘गड्या’ म्हटले की तो फक्त मित्र असतो. ‘गड्या, आपला गाव बरा’ असे म्हणणारा माणूस नोकराशी बोलत नसतो. विशेषण जोडून ‘धीराचा गडी’, ‘रांगडा गडी’ म्हटले की ते मर्दानीपणाचे कौतुक असते. पण ‘आमचा गडी’, ‘तुमचा गडी’, ‘त्यांचा गडी’ अशी षष्ठी लागली की शेतकऱ्याच्या घरात त्याचा अर्थ एकच होतो, आणि तुम्ही तर त्याला ‘हक्काचा’ हे विशेषणही जोडलेत. सालदाराशी आखाजी ते आखाजी असा वर्षाचा करार असतो. किती रक्कम द्यायची, त्यातली उचल किती, धान्य किती, हे सगळे त्याच सणाच्या सुमारास ठरते. म्हणजे वर्षातल्या इतर दिवशी जे वाक्य निसटून गेले असते, ते तुम्ही नेमके त्या दिवशी बोललात. त्या वडिलांनी ते ज्या खुबीने झेलले, त्यावरून ते तुमच्यावर रागावलेले नाहीत हे नक्की समजा.

याच सणाला खानदेशात गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात. तिथे तुम्हाला ‘भिडू’ ऐकायला मिळेल. मुंबईत हा शब्द कोणालाही उद्देशून फेकतात, पण आमच्याकडे तो अजून बराचसा डावापुरता राहिलेला आहे. समोर बसलेला, आपल्या बाजूने पान टाकणारा, तो भिडू. डाव उठला की भिडूपण संपते. मग तो पुन्हा कोणाचा तरी आबा, कोणाचा तरी नाना होतो. मला व्यक्तिशः हा शब्द फार आवडतो, कारण त्यात मैत्रीची मुदत सांगितलेली असते आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

आता ‘आबा’ आणि ‘आप्पा’. ही थट्टा नाही आणि बहुतेक वेळा मुद्दाम दिलेला आदरही नाही; ते घरातले नाव असते. माझेच उदाहरण देतो. मला आजोबांचे नाव ठेवले. माझ्या आईच्या दृष्टीने ते सासऱ्यांचे नाव, ते तोंडाने कसे घेणार? म्हणून पाळण्यातल्या पोराला ती ‘बापू’ म्हणू लागली. आईचे ऐकून काकू, काकूचे ऐकून चुलत भावंडे, आणि त्यांचे ऐकून शाळेतली मुले. सातवीत असताना मला वर्गातले अर्धे लोक बापू म्हणत होते आणि हजेरीतले नाव पुकारले की मलाच क्षणभर कळत नसे. आमच्या गल्लीत एका घरी नाना, शेजारी तात्या, पलीकडे आण्णा, आणि या तिघांचे मिळून वय चाळीस भरत नव्हते. म्हणून खानदेशातल्या मित्रांच्या घोळक्यात म्हाताऱ्यांची नावे ऐकू आली तर गोंधळू नका. धुळे जिल्ह्यात आणि बागलाणाकडे याच मालिकेत ‘जिभाऊ’ येतो. ‘जी’ आणि ‘भाऊ’ असा तो जोडशब्द आहे आणि मुळात वडीलधाऱ्यासाठीच आहे; पण मित्राने काही शहाणपणा केला की ‘चला जिभाऊ, आता तुम्हीच सांगा’ असे म्हणून त्याला जमिनीवर आणायलाही तोच वापरतात.

‘भो’बद्दल रावेर-यावलकडच्या कोणीतरी लिहावे. त्यांचा हक्क मोठा आहे.

उत्तर : केळीबाग

हक्क मान्य केल्याबद्दल सरांचे आभार. मी यावल तालुक्यातला आहे. घरात लेवा गणबोली बोलतो आणि शेती केळीची आहे.

‘भो’ हे ‘भाऊ’चेच झिजलेले नाणे आहे. यावर अधूनमधून कोणीतरी विद्वान सांगतात की हा संस्कृतातला ‘भोः’ असून आमची बोली त्यामुळे थेट ऋषिमुनींपर्यंत पोहोचते. ऐकायला बरे वाटते, पण ते मला पटत नाही. संस्कृतातला ‘भोः’ हा ‘भवत्’ या आदरार्थी सर्वनामातून आलेला आहे आणि तो सहसा हाकेच्या आधी येतो, जसे ‘भो राजन्’. आमचा ‘भो’ वाक्याच्या शेपटाला असतो आणि त्यात आदराचा लवलेशही नसतो. ‘नाही ना भो’, ‘काय सांगू भो’, ‘जाऊ दे भो’. उलट भाऊबीज घाईत ‘भौबीज’ होते, भावजय ‘भौजाई’ होते, मग भाऊचा ‘भो’ व्हायला ऋषींची मदत कशाला लागेल?

तो कोणाला म्हणायचा, हा तुमचा खरा प्रश्न. केळीची कापणी चाललेली असताना एकदा येऊन पाहा. खांद्यावर घड घेऊन माणूस बागेतल्या अरुंद सरीतून ट्रॅक्टरकडे धावत येतो. त्याला मान वळवता येत नाही, समोर कोण आहे हे दिसत नाही, आणि घड कशाला घासला तर सालीवर काळा डाग पडून भाव खाली येतो. तो न थांबता ओरडतो, “ए भो, सरक!” समोर मजूर असो, मालक असो की केळी पाहायला आलेला व्यापारी असो, त्या क्षणी सगळेच भो असतात. म्हणजे ‘भो’ म्हणायला आधी ओळख लागत नाही, पण बरोबरी लागते. निदान तेवढ्यापुरती तरी धरून चालावी लागते. म्हणूनच ‘भो’बरोबर सहसा ‘तू’ येतो आणि पूर्ण ‘भाऊ’बरोबर ‘तुम्ही’ चालतो. चौकातल्या फलकावर ज्यांचा वाढदिवस असतो ते ‘भाऊ’ असतात. त्या फलकाखाली चहा पिणारे आम्ही एकमेकांचे ‘भो’.

सुराचे म्हणाल तर शब्द एकच असून काम दहा प्रकारचे करतो. आखूड ‘भो’ म्हणजे नुसता विराम, जसा पुण्याकडे ‘राव’. ‘असं नको ना भो’ यात लांबवलेला ‘भो’ म्हणजे विनवणी. ‘हो का भो?’ असा वर चढवलेला म्हणजे तुझी थाप कळली. आणि नुसताच खाली सोडलेला ‘भो…’ मी एकदाच नीट ऐकला आहे. वादळात आमच्या शेजाऱ्याची उभी बाग एका रात्रीत आडवी झाली. सकाळी त्याच्या बांधावर आम्ही पाच-सहा जण गेलो, तेव्हा कोणाला काय बोलावे सुचेना. एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढेच म्हटले. पुढे वाक्य नव्हतेच.

तुम्ही बाहेरचे म्हणून सावधगिरी एवढीच बाळगा की वयाने मोठ्या माणसाला आणि मित्राच्या वडिलांना ‘भो’ म्हणू नका. आजकाल कॉलेजातल्या मुली एकमेकींना ‘भो’ म्हणताना मी ऐकतो, त्या अर्थी शब्दाचे लिंगही झिजू लागले आहे; पण एखाद्या बाईंना तुम्ही ‘भो’ म्हटलेत तर त्याचा जबाबदार मी नाही.

उत्तर : उधन्याचा_शहादेकर

मी शहादा तालुक्यातला, पण नोकरीमुळे पंधरा वर्षे सुरतेच्या उधना भागात आहे. खानदेशातून इकडे यंत्रमागांवर आणि कापडाच्या बाजारात आलेली माणसे इतकी आहेत की सकाळी चहाच्या टपरीवर अहिराणी ऐकू आली तर मान वळवून पाहावेसेही वाटत नाही. ‘दोस्तार’ हा शब्द मला नीट समजला तो इथे आल्यावर.

गावी आम्ही ‘हाऊ मना दोस्तार शे’ (हा माझा दोस्तार आहे) म्हणत असू आणि शाळेतले गुरुजी तो अशुद्ध म्हणून खोडत. इथे आलो तर गुजराती माणूस सरळ ‘दोस्तार’ म्हणतो आणि त्याला कोणी खोडत नाही. मूळ ‘दोस्त’ फारसीतला हे खरे, पण हे लांब रूप तापीच्या दोन्ही टोकांना सारखेच नांदते. इंग्रजी अमदानीतले भाषाअभ्यासक ग्रिअर्सन यांनी 1907 साली भारताच्या भाषा-सर्वेक्षणाच्या ज्या खंडात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, घातली, तो भिल्ल भाषांचा खंड होता आणि तिच्यात त्यांना गुजरातीशी सांधा दिसला होता. मराठीची बोली की स्वतंत्र भाषा हा वाद इथे काढत नाही. सांगायचे एवढेच की ‘दोस्तार’ हा बिघडलेला दोस्त नाही, त्याला शेजारी सख्खा भाऊ आहे. अर्थाच्या दृष्टीने ‘दोस्तार’ हा रोजच्या उठण्याबसण्यातला असतो. वर्षातून एकदा भेटणारा कितीही जवळचा असला तरी माझे वडील त्याला ‘ओळखीचा’ म्हणत, दोस्तार म्हणत नसत.

पण खरी फजिती ‘भाईबंध’ या शब्दाने केली. गुजरातीत भाईबंध म्हणजे मित्र. आपल्याकडे भाऊबंद म्हणजे एका कुळातले, ज्यांच्याशी सुतकही आहे आणि बहुधा बांधाचा दावाही आहे. माझा धाकटा भाऊ सुरतेतच वाढला. एका सुट्टीत तो कारखान्यातल्या मित्राला घेऊन गावी आला आणि आजोबांसमोर उभा करून सवयीने म्हणाला, “आ मारो भाईबंध छे.” आजोबांना गुजराती कामापुरती येत होती, पण शब्द त्यांनी आपला धरला. त्यांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, “कोणत्या वाड्यातला?” तो मुलगा बिहारचा, भागलपूरकडचा होता. त्याला काहीच कळले नाही. आजोबा मनातल्या मनात पिढ्या मोजू लागले, आणि थोड्या वेळाने आजीला आत जाऊन म्हणाले की हा विहिरीच्या वाट्यासाठी आला असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणून सांग. आमची भाऊबंदकीतली एक विहीर चाळीस वर्षे वादात होती, त्याचा हा परिणाम. पुढे उलगडा झाल्यावर त्या मुलाला त्यांनी चार दिवस ठेवून घेतले आणि जाताना दादर ज्वारीचे पीठ बांधून दिले. मात्र त्याचा उल्लेख ते शेवटपर्यंत ‘तो विहिरीवाला’ असाच करत राहिले.

उत्तर : नेमके_मराठी

चर्चा रंजक आहे, परंतु मला एक मूलभूत शंका आहे. ‘मित्र’ हा सुंदर, निर्दोष शब्द मराठीत उपलब्ध असताना टपरीवरच्या शब्दांना इतके महत्त्व का द्यावे? उद्या ‘साला’ आणि ‘पंटर’ यांच्या छटाही इथे सांगितल्या जातील. बाहेरून आलेल्या गृहस्थांनी सर्वांना ‘मित्रा’ म्हणावे, म्हणजे कुठेच चूक होणार नाही.

उत्तर : गिरणाकाठ

चूक होईल, आणि मोठी होईल. खानदेशात कोणी ‘मित्रा’ म्हणून खांद्यावर हात ठेवला तर ऐकणारा आधी खिसा चाचपतो. हा माणूस विमा विकायला आला आहे, उसने मागायला आला आहे, किंवा भाषण करून आला आहे, यापलीकडे चौथी शक्यता त्याला दिसत नाही. ‘मित्र’ हा शब्द आमच्याकडे तृतीयपुरुषी आहे. ‘तो माझा मित्र’ हे ठीक. ‘समस्त मित्रपरिवार’ हे फलकावर ठीक. समोरासमोर तो शब्द धुतलेल्या पांढऱ्या टोपीसारखा आहे, लग्नाला घालतात आणि शेतात जाताना खुंटीवर ठेवतात. संस्कृतातही गंमत पाहा, सखा या अर्थाचा ‘मित्रम्’ नपुंसकलिंगी आहे आणि पुल्लिंगी ‘मित्रः’ म्हणजे सूर्यदेव. मराठीने त्याला पुरुष केले, पण सलगी काही त्याला दिली नाही.

‘साला’चे आपण नाव काढलेच आहे, तर त्यावरही बोलायला हवे, कारण बाहेरच्या माणसाची खरी परीक्षा तिथे असते. बायकोचा भाऊ तो संस्कृतात श्याल. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत तो मानाने ‘शालक’ म्हणून छापला जातो. त्याच नात्याचे हिंदीतून आलेले रूप शिवी झाले, कारण परक्या पुरुषाला साला म्हणणे म्हणजे त्याच्या बहिणीवर हक्क सांगणे. आणि शिवी झालेला शब्दच पुढे जवळिकीची खूण झाला, कारण ज्याला शिवी देऊनही भांडण होत नाही तोच आपला. हा जिना प्रत्येकाला स्वतः चढावा लागतो. तुमच्या सहकाऱ्याला त्याचा वर्गमित्र साल्या म्हणतो म्हणून तुम्हीही म्हणू नका. तो वीस वर्षांपूर्वी त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याच्याशी मारामारी करून मोकळा झालेला असतो.

उत्तर : पांझराकाठची

इतकी उत्तरे वाचली आणि सगळी पुरुषांच्या मैत्रीची निघाली. मी धुळ्याची आहे, माहेर शिरपूर तालुक्यात. सरांनी ‘साला’चा जिना छान सांगितला, ज्या बहिणीच्या नावाने तो जिना बांधला आहे तिला मात्र त्यावर पाय ठेवायला जागा नाही, एवढे नोंदवून पुढे जाते.

एक शब्द तुमच्या यादीत नव्हता, तो म्हणजे ‘यार’. फारसीत यार म्हणजे सोबती, सखा. पण आमच्या घरातल्या जुन्या बायकांच्या तोंडी त्याचा एकच अर्थ उरला होता आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी ओट्याशी उभी राहून कॉलेजातल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. “यार, किती दिवसांनी आठवण आली तुला! यार, मी पण तुझीच वाट पाहत होते.” मागे सासूबाई मिरच्यांची देठे खुडत बसल्या होत्या. फोन ठेवला तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारले, “कोन यार शे व तुना?” मी म्हटले, आई, सुनीता नावाची मुलगी आहे. त्या म्हणाल्या, “पोरगीले कोनी यार म्हनस का?” मिरच्या खुडून होईपर्यंत त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फोन त्यांच्या कानाला लावून दिला आणि पलीकडून बाईचा आवाज ऐकल्यावर प्रकरण मिटले. आज त्यांची नात त्यांनाच ‘यार आजी’ म्हणते आणि त्या ओ देतात.

बायकांच्या शब्दांविषयी मला एक गोष्ट फार दिवस जाणवत आली आहे. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्या गाण्यांत आणि त्या आठवड्यात मैत्रिणीसाठी शब्द असतो, ‘सई’. माझ्या आजीची पिढी ‘गडणी’ही म्हणत असे, गडी या शब्दाची ती बहीण, आणि तिला चाकरीचा वास कधी लागला नाही. पण सण संपून सासरी परतले की हे शब्द वेशीवरच राहत. सासरी जिच्याशी मन मोकळे करायचे ती जाऊ असे, नणंद असे, नाहीतर शेजारीण असे. तिला हाक मारायची ती तिच्या मुलाच्या नावाने, अमक्याची माय म्हणून, किंवा माहेरच्या गावावरून. माझी सासू आणि पलीकडच्या घरातल्या आजी पन्नास वर्षे एकमेकींना ‘वं माय’ म्हणत आल्या आहेत. दोघींना एकमेकींची नावे ठाऊक आहेत, पण ती घेतलेली मी कधीच ऐकली नाहीत. त्यांना मैत्रीण म्हणा, असे मी एकदा सुचवले तर दोघी लाजल्या. माझ्या मते ‘माय’ हा आमच्याकडचा बायकांचा ‘भो’ आहे, फक्त त्याच्यावर कोणी लिहीत नाही.

रत्नागिरीकर

सर्वांचे मनापासून आभार. ‘गड्या’ आणि ‘आमचा गडी’ यांतला फरक मी सहकाऱ्याला वाचून दाखवला, तेव्हा तो म्हणाला की हे त्यालाही सांगता आले नसते, पण कानाला मात्र तसेच लागले होते. ‘मित्रा’विषयीचा सल्ला उशिरा मिळाला, गेल्या आठवड्यात एका शेतकऱ्याला मी तसे म्हटले आणि त्याने खरोखरच “काय विकायला आणलं?” असे विचारले.

एक शंका राहिली. काल सहकाऱ्याच्या वडिलांचा फोन आला. ते मला पूर्वी ‘साहेब’ म्हणत, या वेळी ‘पाव्हणा’ म्हणाले. ही बढती समजावी की अजून तो अडकित्ता थांबलेलाच आहे?

उत्तर : केळीबाग

‘पाव्हणा’ हा शब्द आमच्याकडे सोयरिकीच्या माणसाला लागतो, त्यामुळे साहेबापेक्षा तो चार पावले आतला आहे. थंडी पडली की त्यांच्याकडे भरिताचा बेत होईल, त्याला जा. आल्या आल्या खाट टाकून बसवले, तर तुम्ही अजून पाव्हणेच आहात. आणि कोणी “भो, तिकडून पऱ्हाट्या आण, वांगी भाजायची आहेत” असे सांगितले, तर आणून द्या. बडगीत, म्हणजे भरिताच्या लाकडी भांड्यात, मुसळीने वांगी ठेचायला मात्र पहिल्याच वर्षी बसू नका. गरम वांग्याचा चटका लागतो आणि मिरची डोळ्यांत उडते.

उत्तर : पांझराकाठची

आणि ताटावर बसल्यावर कळण्याच्या भाकरीला नाही म्हणू नका. “गडी जेवायला कमी आहे” असे कोणी म्हणाले, तर तो तिथे पुरुष या अर्थी आहे, रागावू नका.